सहावीपर्यंतचं अक्षर

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे अर्ध्या म्हणत. नाव बाबांनी ठेवलं. अर्धा कप चहा पिऊन उठायचा, शर्टाची अर्धी बटणं लावायचा, गणित अर्ध्यावर सोडून खिडकीत जाऊन उभा राहायचा, आणि कुणी काही सांगायला लागलं की अर्धं ऐकूनच "कळलं" म्हणायचा. आई आधी बाबांवर रागवायची, मग तीही तेच म्हणायला लागली. मी तर पहिल्या दिवसापासून म्हणत होते. आज तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे, डोक्यावरचे केसही अर्धेच उरलेत, आणि परवापरवापर्यंत मी फोन उचलला की पहिला शब्द "काय रे अर्ध्या" असायचा. गेल्या महिन्यापासून मी तो शब्द सोडला. का सोडला हे सांगायचं तर स्वतःचीच लक्तरं वेशीवर टांगावी लागतात. तर टांगते.

तो एका चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दुकानाच्या मागे एक लांबट खोली आहे, तिला मागच्या अंगणाकडे उघडणारी एकच खिडकी. घासायच्या यंत्रावर पाण्याची बारीक धार सतत पडत असते आणि काचेचा पांढरा गाळ त्याच्या नखांत कायमचा बसलेला आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचं काम एका उथळ ट्रेमध्ये येतं. त्यात फ्रेम, दोन काचा आणि नंबराची चिठ्ठी. खोलीत नियम एकच, आणि तो भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेला आहे: टेबलावर एका वेळी एकच ट्रे. माझ्या भावाच्या टेबलावर कधीही पाचापेक्षा कमी ट्रे मी पाहिले नाहीत. एक ना धड, भाराभर चिंध्या, हे मी त्याला तिथेच, त्याच्या सहकाऱ्यांसमोर सुनावलेलं आहे. तो हसला होता.

गंमत अशी की अवघड काम आलं की सगळे त्याच्याकडेच येत. एखाद्या लहान मुलीची बाटलीच्या बुडाएवढी जाड काच, किंवा कुणाच्या तरी आजोबांची जुनी, कुठल्याच मापात न बसणारी फ्रेम. अशा वेळी हा माणूस सकाळी बसला की दुपारी हलवून उठवावा लागे. जेवणाचा डबा तसाच घरी येई. त्यामुळे बाबा म्हणायचे तेच दुकानाचे मालकही म्हणायचे, की ह्याला येतं सगळं, करायचं नसतं म्हणून करत नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते. मीसुद्धा हेच म्हणायचे.

दोन महिन्यांपूर्वी त्याच्या हातून चूक झाली. दोन काळ्या फ्रेमा, दोन ट्रे शेजारी शेजारी उघडे. एक काम शाळेची बस चालवणाऱ्या माणसाचं, दुसरं एका निवृत्त शिंपीणबाईंचं. मध्येच पुढच्या दुकानातून कुणीतरी हाक मारली, एक स्क्रू घट्ट करून हवा होता. हा उठला, स्क्रू लावला, परत आला आणि समोर जी काच दिसली ती जी फ्रेम हाताला लागली तीत बसवली. बसवाल्यानं तो चष्मा दोन दिवस लावला. डोकं दुखतंय, नव्या नंबराची सवय व्हायची असेल, असं तो समजत राहिला. तिसऱ्या दिवशी बस मागे घेताना भिंतीला घासली. आत मुलं नव्हती. नशीब, एवढंच म्हणायचं.

मालक वाईट माणूस नाही. त्यांनी आरडाओरडा केला नाही, आणि तेच माझ्या भावाला जास्त लागलं. ते म्हणाले, "वीस वर्षं बघतोय मी तुला. हे काही नेहमीच्या आळसातलं वाटत नाही मला. डॉक्टरला दाखव. काही असेल तर तसा कागद आण, मी तुझ्यासाठी कामाची पद्धत बदलतो, तपासायला माणूस देतो. काही नसेल तर मात्र महिनाअखेरीपासून तू पॅकिंगला बस. यंत्रावर नको."

पॅकिंग म्हणजे डब्यांत चष्मे घालून वर कापड ठेवायचं. काच घासणं सोडून ह्या माणसाला आयुष्यात दुसरं काहीही धड आलेलं नाही, आणि तेच त्याच्या हातून जाणार होतं.

डॉक्टरांकडे पहिल्यांदा त्याच्याबरोबर माझी भावजय गेली. आल्यावर तिनं मला घरी येऊन सगळं सांगितलं. "ताई, त्या म्हणाल्या, एडीएचडी असू शकतं. लक्ष एका जागी ठरतच नाही, असा मेंदूचाच प्रकार असतो म्हणे. पण लगेच नाही सांगता येत. त्यांनी विचारलं, हे असं किती दिवसांपासून आहे? निदान सहा महिने तरी सलग असायला लागतं."

"मग तो काय म्हणाला?"

"हे म्हणाले, डॉक्टर, दिवस कसले मोजता, कॅलेंडरं मोजा."

आम्ही दोघी हसलो. मग तिनं पुढचं सांगितलं. नुसते सहा महिने पुरत नाहीत. माणसाची झोप बिघडली, घरात कुणी गेलं, कसली काळजी लागली तरी सहा महिने लक्ष उडू शकतं. म्हणून हे एकाच ठिकाणी होतं की घरी आणि कामावर दोन्हीकडे, तेही बघतात. आणि मुख्य म्हणजे त्याच्या खुणा बाराव्या वर्षाच्या आत दिसायला हव्यात. मोठेपणी अचानक उगवलं असेल तर दुसरं कारण शोधायला लागतं. "म्हणून त्यांनी सांगितलंय, लहानपणी ज्यांनी बघितलंय अशा कुणाला तरी घेऊन या. आणि जुन्या वह्या, प्रगतिपुस्तकं, काही असेल तर आणा. आई-बाबा तर नाहीत आता. तुम्हीच आहात."

मी म्हटलं, "वह्या कुठल्या राहताहेत एवढ्या वर्षांनी."

"आहेत की," ती म्हणाली आणि पिशवीतून एक गठ्ठा काढला. "सासूबाईंच्या पेटीत होत्या. बघा तरी, किती सुंदर अक्षर होतं यांचं."

मी बघितलं. ते अक्षर माझं होतं.

आता ते सांगते. आम्ही एकाच शाळेत होतो, तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी वर्गात पहिली येणारी, शिक्षकांची लाडकी. तो तिसरीत आला आणि माझे भोग सुरू झाले. आठवड्यातून दोनदा तरी शिपाई माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राही: "तुला तिसरीच्या बाईंनी बोलावलंय." मी सगळ्या वर्गासमोर उठून जायची. बाई त्याची वही उघडून माझ्यासमोर धरायच्या. अर्ध्या पानावर तीन ओळी, मग एक विमान, मग उलटी लिहिलेली गणितं, मग काहीच नाही. "बघ तुझ्या भावाचं. तू अशी आणि हा असा?" वर्गातल्या पोरी परत आल्यावर विचारायच्या, काय झालं गं? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बारा वर्षांच्या मुलीला सगळ्या जगाला तोंड दाखवायला जागा उरली नाही असं वाटायला एवढं पुरतं.

तेव्हा मी एक युक्ती काढली. रोज शाळा सुटली की त्याची वही घ्यायची, त्याची पानं फाडायची, आणि सगळं स्वतः लिहून काढायचं. माझ्या अक्षरात नाही, लहान मुलाच्या अक्षरात. थोडं गोल, थोडं डावीकडे कललेलं, आकडे जरा मोठे. मधूनच एखादी चूक मुद्दाम ठेवायची म्हणजे संशय येणार नाही. तो शेजारी बसून पेन्सिलीला टोक काढत राहायचा. एका आठवड्यात मला ते अक्षर इतकं जमलं की बाईंनी त्याच्या वहीवर "छान प्रगती" असं लिहिलं. शिपाई माझ्या वर्गाच्या दारात यायचा थांबला. परीक्षेत मात्र तो काठावर पास होई, तर बाई म्हणत, घाबरतो बिचारा, वह्या बघा किती नीटनेटक्या.

पहिल्याच दिवशी मी त्याला दम दिला होता. "कुणाला सांगायचं नाही. आईला नाही, बाबांना नाही, कधीच नाही. शपथ घे." त्यानं घेतली. आठ वर्षांचा होता.

लोकांना हे भावावरचं प्रेम वाटेल. मला स्वतःलाही पुष्कळ वर्षं तसं वाटवून घ्यायला आवडायचं. पण खरं सांगायचं तर मी त्याच्यासाठी एक ओळसुद्धा लिहिली नाही. मी शिपायाला दारात येऊ द्यायचं नाही म्हणून लिहीत होते.

चार वर्षं हे चाललं. मग दहावी झाल्यावर मी पुढच्या शिक्षणाला वसतिगृहात गेले आणि तो सातवीत गेला. त्या वर्षीची वही त्याची स्वतःची होती. आईचं मला पत्र आलं. अजून शब्द न् शब्द आठवतो. "तू गेल्यापासून हा पार बिघडला. हे रोज सहावीची वही समोर ठेवतात, सातवीची शेजारी ठेवतात, आणि मारतात. म्हणतात, हे लिहिणारा हात हाच ना? मग आता काय झालं? म्हणजे मुद्दाम करतो."

मी ते पत्र वाचलं. घडी घातली. उशीखाली ठेवलं. उत्तरात मी लिहिलं की इकडे अभ्यास खूप आहे, आणि त्याला म्हणावं, नीट वाग.

मी सोळा वर्षांची होते, हे माझं कारण. पण मी पुढे वीस वर्षांचीही झाले, तीसचीही, आई-बाबा म्हातारे झाले, गेले, आणि ह्या सगळ्या काळात आमच्या घरात एक गोष्ट पक्की झाली, की ताई होती तोवर पोरगा सरळ होता, ताई गेली आणि वाया गेला. लग्नाकार्यात, पाहुण्यांत ही गोष्ट सांगितली जायची. मी ऐकून घ्यायचे. खोटं कशाला बोलू, मला ती ऐकायला बरं वाटायचं. शाळेत मी माझ्या वर्गातल्या पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर "येतं, पण करत नाही" असं तीस वर्षं लिहीत आले, माझ्या सुंदर अक्षरात. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण वर्गात शिकवताना कधी मला ठेच लागली नाही.

भावजयीला मी काहीच बोलले नाही. ती म्हणाली, "त्या दिवशी मला सुट्टी नाही, तुम्हीच जा यांच्याबरोबर." मी म्हटलं, जाते. वह्या घरी विसरून जाव्यात असा विचार मनात आला, पण त्या त्याच्याकडे होत्या. सगळं विसरणारा माणूस त्या मात्र घेऊन आला.

डॉक्टरीणबाई आम्हा दोघांपेक्षा तरुण. टेबल, वजनाचा काटा, खिडकीत एक कुंडी. माझ्या भावानं बसल्या बसल्या टेबलावरचं पेन उचललं, उघडलं, आतली स्प्रिंग उडून काट्याखाली गेली, आणि तो ती शोधायला जमिनीवर वाकला. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे वळून एकेक विचारायला लागल्या. लहानपणी वस्तू हरवायचा का, हाक मारल्यावर ऐकू यायचं का, एका जागी बसायचा का, शाळेत तक्रारी होत्या का.

बाईंच्या समोर वह्या उघड्या होत्या. मी आत जाताना ठरवलं होतं की सांगून टाकायचं. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही शिक्षिका आहात ना? मग तुमचं निरीक्षण महत्त्वाचं." हे ऐकलं मात्र, परत ती बारा वर्षांची मुलगी वर्गासमोर उभी राहिली.

मी म्हटलं, "थोडा चंचल होता, मुलं असतातच. पण मी घरी होते तोवर तसा ठीक होता. सातवीनंतर त्याचं लक्ष उडालं."

बाईंनी त्याला विचारलं, "तुम्हाला काय आठवतं?"

तो स्प्रिंग पेनात परत बसवत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई म्हणते तसंच."

बाईंनी वह्यांची पानं उलटली. "आताची लक्षणं तर स्पष्ट आहेत, आणि सहा महिनेच काय, कितीतरी वर्षांची आहेत. पण बाराव्या वर्षाआधीचं हे असं काम बघितल्यावर मी घाई करणार नाही. इतकं सलग, नीट लिहिणारं मूल..." त्यांनी मान हलवली. "दुसरी कारणं तपासू या. झोप, थायरॉईड, मनावरचा ताण. तीन-चार महिन्यांनी पुन्हा बसू."

"मला महिनाअखेरीपर्यंतच वेळ आहे," तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

"मी समजू शकते. पण नसलेलं लिहून देता येणार नाही मला."

आम्ही बाहेर आलो. जिन्याजवळ बाक होता, तिथे तो बसला, वह्यांचा गठ्ठा मांडीवर. मला वाटत होतं की त्याला आठवतच नसेल. ज्याला सकाळी कुठे ठेवल्या त्या किल्ल्या दुपारी आठवत नाहीत, त्याला एकोणचाळीस वर्षांपूर्वीचं काय आठवणार, ह्याच भरवशावर मी आत खोटं बोलले होते. तरी विचारलं. "ह्या वह्या कुणी लिहिल्या, आठवतंय तुला?"

"तू."

"मग आत बोलला का नाहीस?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारतेय असं. "तूच म्हणाली होतीस ना, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

मी म्हटलं, "बाबा मारायचे तेव्हाही नाही सांगितलंस?"

"तेव्हा सांगितलं असतं तर सुट्टीत आल्यावर तुला पडली असती," तो म्हणाला. "आणि मला तर सवयच होती." मग गठ्ठ्याची दोरी नीट करत म्हणाला, "जाऊ दे गं. पॅकिंग काही वाईट नसतं. खिडकीजवळ बसायला मिळतं."

लाज ही गोष्ट मला आयुष्यभर ठाऊक होती असं मी समजत होते. शिपाई दारात आल्यावर वाटायची ती लाज नव्हतीच, तो नुसता तोरा दुखावला होता. लाज मला त्या बाकाशेजारी उभं राहून कळली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी.

"इथेच बस," मी म्हटलं, "हलू नकोस," आणि परत आत गेले.

आत दुसरे पेशंट बसले होते. मी दारातूनच म्हटलं, "बाई, दोन मिनिटं. मी खोटं बोलले." त्या माणसांसमोरच बोलले. बाईंनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. मी कागद मागितला, त्यांचंच पेन घेतलं, आणि त्या वहीतली पहिली ओळ लिहिली. थोडी गोल, थोडी डावीकडे कललेली, आकडे जरा मोठे. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला माझा हात त्या अक्षरात असा सहज गेला की मलाच किळस आली. त्यांनी ती ओळ हातात धरून नीट बघितली, मग माझ्याकडे.

"असं किती काळ चाललं?" त्यांनी विचारलं.

"चार वर्षं. तिसरीपासून सहावीपर्यंत. त्याआधीही तो तसाच होता. त्याची स्वतःची पानं मी फाडून टाकायचे." आणि मग मी सगळं सांगितलं, विमान, उलटी गणितं, दप्तरात सापडलेले तीन महिन्यांपूर्वीचे डबे, एका पायातला बूट शाळेत ठेवून आलेला दिवस, आणि आईचं पत्रसुद्धा. त्या लिहीत राहिल्या. एकदाही त्यांनी मला बरं वाटावं असं काही म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. शेवटी त्यांनी एक लांबलचक फॉर्म दिला, माझ्या भावजयीशी एकदा बोलायचंय म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्याची वेळ दिली.

तो कागद पुढे वेळेत मिळाला. आता त्याच्या टेबलावर खरोखर एकच ट्रे असतो, बाकीचे मालक कपाटात ठेवतात आणि एकेक काढून देतात. गोळी सकाळी भावजय हातावर ठेवते. पण ते सगळं नंतरचं.

मी बाहेर आले तर तो बाकावर नव्हता. वह्या तिथेच टाकलेल्या. शोधत खाली गेले तर दारावरच्या पहारेकऱ्याजवळ उकिडवा बसून त्याच्या चष्म्याची दांडी सरळ करून देत होता. जिभेवर "अर्ध्या" आलं होतं. मी ते गिळलं आणि काम संपेपर्यंत थांबले.

रस्त्याला लागल्यावर त्यानं विचारलं, "काय करत होतीस आत एवढा वेळ?"

"सांगितलं त्यांना. वह्या मी लिहिल्या म्हणून."

तो काही पावलं तसाच चालला. मग थांबला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, नखांत पांढरा गाळ, शर्टाचं एक बटण चुकलेलं, माझ्याकडे बघत म्हणाला,

"मग ताई, आता मी कुणाला सांगितलं तर चालेल?"